खऱ्या मनाने उपासना: घरी आणि मंडळीत होणाऱ्या या चुका टाळा

याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीने येशूला जागेचा प्रश्न विचारला होता: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? येशूने जागा ठरवून दिली नाही. आत्म्याने व खरेपणाने उपासना करणारे पित्याला हवे आहेत, असे त्याने सांगितले (योहान ४:२०-२४). हा 'खरेपणा' आपण बहुतेक वेळा भावनेवर मोजतो. डोळे भरून आले तर उपासना मनापासून झाली, नाही आले तर वरवरची. पहिली चूक इथेच होते. यशयाने केलेली आणि येशूने पुन्हा ऐकवलेली तक्रार भावना कमी पडल्याची नव्हती. ओठ देवाजवळ आणि अंतःकरण दूर, अशी होती (मत्तय १५:८). म्हणजे तोंडातले शब्द आणि मनातली स्थिती एकच आहे का, एवढे तपासायचे.

मन कोरडे आहे म्हणून प्रार्थनाच टाळणे

दुःख, राग किंवा थकवा असला की 'आज मन लागत नाही' म्हणून बरेच जण थांबतात. काही जण उलटे करतात, आनंदाचा आव आणून स्तुतिगीत गातात. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवासमोर रडणे हीसुद्धा उपासनाच आहे.

अशा दिवशी स्तोत्र १३ घ्या. वचने फक्त सहा आहेत. पहिली दोन मोठ्याने, सावकाश वाचा. त्यांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा येतो. तिथे थांबून आपला स्वतःचा 'कोठवर' एका वाक्यात बोला: आजार, कर्ज, मुलाची नोकरी, जे असेल ते. तिसऱ्या-चौथ्या वचनाबरोबर आपली मागणी मांडा. शेवटची दोन वचने भरवशाची आहेत. ती मनाला पटत नसली तरी वाचा. दाविदाने परिस्थिती बदलण्याआधीच ती म्हटली आहेत. तेही जमत नसेल, तर स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

घरची प्रार्थना लांबवणे, किंवा तिचा उपदेश करणे

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बंद पडते ती बहुधा लांबीमुळे. जेवण झाल्यावर सगळे पेंगुळलेले असतात, कुठलाही अध्याय उघडला जातो आणि घरातले वडीलधारे माणूस वीस मिनिटे प्रार्थना करते. त्यापेक्षा वेळ जेवणाआधीची आणि बारा-पंधरा मिनिटांचीच ठेवा. गीताची दोन कडवी, एका शुभवर्तमानातली क्रमाने आठ-दहा वचने, मग प्रत्येकाचे उपकारस्तुतीचे एक वाक्य आणि एक विनंती. मार्काचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे. रोज दहा वचने घेतली तर सव्वादोन महिन्यांत पूर्ण होते. विनंत्या तारीख घालून वहीत लिहा आणि रविवारी मागे वळून वाचा. उत्तर मिळाले असेल तर त्याबद्दल नाव घेऊन आभार माना.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. 'प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचे मोबाइलचे वेड काढ' हे बोलणे देवाशी नसते, शेजारी डोळे मिटून बसलेल्या मुलाशी असते. मुलाला ते लगेच कळते, आणि प्रार्थना म्हणजे टोमणे ऐकण्याची जागा हे त्याच्या मनात पक्के बसते. मुलाशी बोलायचे ते आधी किंवा नंतर, समोरासमोर बोला.

पाठ झालेले शब्द

'हे दयाळू, कृपाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या' इथून 'आमेन'पर्यंत जीभ आपोआप चालते. पण दोष पुनरुक्तीचा नाही. गेथशेमाने बागेत येशूने तेच शब्द पुन्हा म्हणून प्रार्थना केली (मत्तय २६:४४), आणि स्तोत्र १३६ मध्ये एकच ध्रुवपद २६ वेळा येते. मत्तय ६:७ मध्ये येशू नाकारतो ती, पुष्कळ बोललो म्हणजे देव ऐकेल या समजुतीने केलेली बडबड. प्रभूची प्रार्थना धावत म्हणण्याची सवय लागली असेल, तर आठवडाभर रोज तिच्यातली एकच मागणी घेऊन तिच्यावर थांबा. मंडळीत प्रार्थना चालवायची असेल, तर आदल्या दिवशी पाच-सहा वाक्ये लिहून काढा. लिहिलेली प्रार्थना कमी आत्मिक असते, हा गैरसमज आहे.

गीतांचेही असेच होते. परक्या चालींवर बसवलेली जुनी भाषांतरित गीते अनेकांना तोंडपाठ असतात, पण अर्थ विचारला तर सांगता येत नाही. आत्म्याने आणि बुद्धीनेही गावे, असे पौल लिहितो (१ करिंथ १४:१५). ना. वा. टिळकांची भजने ओवी-अभंगाच्या वळणाची असल्याने ती मराठी कानाला थेट कळतात. गीते गुरुवारपर्यंत निवडा, गाण्याआधी एक कडवे नुसते वाचून दाखवा, अवघड शब्दाचा अर्थ सांगा. सर्वांत वरची ओळ आधी म्हणून पाहा. बाकावरच्या आजींचा आवाज तिथे फाटत असेल तर पेटीची पट्टी खाली घ्या. माइकवाल्यांच्या आवाजात मंडळीला स्वतःचे गाणे ऐकू येईनासे झाले, की लोक गाणे सोडून नुसते ऐकू लागतात.

भांडण तसेच ठेवून वेदीजवळ जाणे

सर्वांत खोल चूक ही, आणि तिच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. मत्तय ५:२३-२४ बहुतेक जण उलटे वाचतात. तिथे 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असे म्हटलेले नाही. भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही असेल, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असे म्हटले आहे. म्हणजे पहिले पाऊल ज्याच्याकडून दुखावले गेले त्याचे. जमिनीचा वाद, भावकी, मंडळीची निवडणूक यांतून वर्षानुवर्षे अबोला राहतो, आणि प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची) रांग मात्र एकच असते.

प्रभुभोजनाचा रविवार आधी कळतो. त्या आठवड्यातच जा, शक्यतो स्वतः. व्हॉट्सॲपवर निरोप टाकून भागवू नका. आपण काय केले ते नेमके सांगा आणि 'पण तूही' हे शब्द काढू नका. पैसे देणे असतील तर बरोबर घेऊन जा. जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करायची तयारी दाखवली होती (लूक १९:८). समोरच्याने दार उघडले नाही, तर तुमच्याकडून होईल तितके झाले (रोम १२:१८). आणि मन शुद्ध नाही म्हणून प्रभुभोजन कायमचे सोडू नका. १ करिंथ ११:२८ मध्ये स्वतःची परीक्षा करून *मग खावे* असे सांगितले आहे.

घरकामाच्या ताईंचा किंवा शेतमजुराचा पगार थकवून रविवारी गायलेले गीत याच सदरात येते. आमोस ५:२१-२४ आणि याकोब ५:४ एकापाठोपाठ वाचा, म्हणजे कारण कळेल.

दानाची थैली पुढे आल्यावर खिशात सुटे शोधणे ही त्या मानाने लहान चूक, पण सवय तीच: उरलेले देवाला. मलाखी १:८ मध्ये आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना हेच विचारले आहे: हे तुझ्या अधिकाऱ्याला देऊन पाहा, तो खूश होईल का? रक्कम शनिवारी रात्री ठरवून पाकिटात ठेवा. रविवारी उपासनेच्या दहा मिनिटे आधी पोहोचा आणि फोन बंद करा. ज्यांच्याशी बोलणे थांबले आहे ते आधीच आलेले दिसले, तर आपल्या बाकावर बसण्यापूर्वी त्यांच्याजवळ जाऊन 'जय ख्रिस्त' म्हणा.