जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नेटवर्कवर अडतं तेव्हा

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जमान्यातलं बिलिंग गल्ल्यावर अडलं की आधी बघा: गडबड एकाच कॉम्प्युटरवर आहे की सगळ्यांवर? एकावरच असेल तर सर्व्हरला हात लावू नका. काहीही करण्याआधी सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून डेटा फोल्डरची कॉपी घ्या.

आता वायर. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत आरजे-४५ कनेक्टरच्या (नेटवर्क केबलच्या टोकाच्या प्लगच्या) पिना हिरवट पडतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरच्या आयपीला ‘पिंग -टी’ लावून दहा मिनिटं ठेवा. मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर कनेक्टर कापून नवीन क्रिंप करा. नेटवर्क स्विचसुद्धा (सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल्स जोडणारा डबा) यूपीएसवर हवा. जूनच्या पावसात वीज जाते, कॉम्प्युटर चालू राहतात, स्विच तेवढा बंद पडतो. नेमकं तेव्हा बिल सेव्ह होत असेल तर इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडतो आणि जुनी बिलं ‘गायब’ होतात. बहुतेक वेळा ती डीबीएफ फाइलमध्ये, म्हणजे मूळ डेटाच्या फाइलमध्ये, शाबूत असतात. सगळे बाहेर असताना रीइंडेक्स केलं, म्हणजे सूची नव्याने बनवली, की दिसतात.

‘झेड ड्राइव्ह (सर्व्हरचं मॅप केलेलं फोल्डर) सापडत नाही’ असा एरर, पण एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह व्यवस्थित उघडतो? मग कुणीतरी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वर टिक केलेली असणार. विंडोज अ‍ॅडमिन सेशनला साध्या सेशनमधले मॅप केलेले ड्राइव्ह दाखवत नाही. टिक काढा आणि फोल्डरला ‘मॉडिफाय’ परमिशन द्या. अ‍ॅडमिनशिवाय चालतच नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये) ‘एनेबल-लिंक्ड-कनेक्शन्स’ १ करून रीस्टार्ट करा.

एकाच कॉम्प्युटरवर यूजर बदलला की आकडे बदलतात, हा प्रकार वेगळा. सॉफ्टवेअर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असेल तर विंडोज त्याचं लिखाण गुपचूप प्रत्येक यूजरच्या ‘व्हर्च्युअल-स्टोअर’ या वेगळ्या फोल्डरमध्ये वळवतं. सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर थेट वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, पण त्याआधी ‘व्हर्च्युअल-स्टोअर’मधला डेटा तपासा. खरी बिलं तिथेच असू शकतात.

एका काउंटरवर टाकलेली एन्ट्री दुसरीकडे काही सेकंद दिसत नसेल तर प्रत्येक क्लायंटवर (काउंटरच्या कॉम्प्युटरवर) रजिस्ट्रीतल्या ‘लॅनमॅन-वर्कस्टेशन’च्या पॅरामीटर्समध्ये ‘फाइल-इन्फो’, ‘डिरेक्टरी’ आणि ‘फाइल-नॉट-फाउंड’ या तिन्ही कॅशची (तात्पुरत्या साठ्यांची) ‘लाइफटाइम’ ० करा. थोडं हळू चालेल, चालू द्या.

एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करायचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो मानू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच दारातून पसरला. सर्व्हर विंडोज एक्सपीचा असेल तर त्याला एसएमबी १ च लागतं, म्हणून डेटा नव्या विंडोजवर हलवणंच बरं. आणि सॉफ्टवेअर १६-बिट असेल तर ६४-बिट विंडोजवर डोकेफोड नको, ते चालणारच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) ३२-बिट विंडोज १० टाका. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही.