मॅफ काढून मॅपवर जाताय? ट्यून केलेल्या टर्बो इंजिनात या चुका टाळा

किल्ली ऑन, इंजिन बंद. लॅपटॉपवर मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब दिसत होता १०८ किलोपास्कल. गाडी मित्राची, पहिल्या पिढीची ऑक्टाविया व्हीआरएस, आणि उभी होती पुण्यात. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात हवेचा दाब ९५ च्या आसपास असतो. इंजिन फिरतच नसेल तर मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेइतकाच दाब असणार. मग वरचे १३ आले कुठून?

गाडीचा मॅफ, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर, काही महिन्यांपूर्वी काढलेला होता. स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे कंपनीच्याऐवजी लावलेला इंजिनचा कॉम्प्युटर, बसवून ती मॅप सेन्सरवर, म्हणजे दाबावर चालवली होती. ईसीयूच्या सर्किट बोर्डवरचा सेन्सर होता एमपीएक्स ४२५०, २५० किलोपास्कलपर्यंत मोजणारा. सॉफ्टवेअरमध्ये मात्र जीएमचा ३ बारचा सेन्सर निवडलेला. गंमत अशी की आयडलला दोघांचे आकडे जवळजवळ जुळतात: खरा दाब ४० असेल तेव्हा पडद्यावर ३९ येतो. पण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा, खरे २०० असताना पडद्यावर २४० दिसतात. आयडल सुरेख, म्हणून कुणाला संशय आला नाही. ज्यांनी ट्यून केलं त्यांनी वाइडबँड, म्हणजे एग्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर, बघत व्हीई टेबलातले (सिलिंडर किती भरतो त्या तक्त्यातले) आकडे खाली आणले आणि मिश्रण बरोबर करून दिलं. गाडी छान पळत होती.

मित्राने तिथल्या तिथे योग्य सेन्सर निवडला. आकडा ९५ वर आला.

"झालं ना? चल, एक फेरी मारून येऊ."

"थांब, अजून गाडी हलवू नकोस."

का थांबवलं ते सांगतो. जुन्या सेटिंगमध्ये पडद्यावर २०० दिसत तेव्हा खरा दाब १६८ असायचा. म्हणजे टेबलातली २०० ची ओळ १६८ च्या हवेसाठी जुळवलेली. आता खऱ्या २०० ला ईसीयू तीच ओळ वाचणार आणि पेट्रोल जवळपास सहाव्या हिश्शाने कमी देणार. हवा-पेट्रोलचं १२ चं गुणोत्तर थेट १४ च्या पुढे, तेही पूर्ण बूस्टमध्ये. शिवाय ठिणगी किती आधी टाकायची ते ठरवणारं इग्निशनचं टेबलही याच दाबावर वाचलं जातं. आधी खऱ्या २०० ला २४० ची, कमी अ‍ॅडव्हान्सची ओळ लागायची, आता २०० ची, जास्त अ‍ॅडव्हान्सची लागणार. लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, मिश्रण आणि वाढलेला अ‍ॅडव्हान्स एकाच वेळी. पिस्टन जायला एक लांब तिसरा गिअर पुरतो. त्या दिवशी आम्ही दोन्ही टेबलांचे दाबाचे अक्ष आणि व्हीईचे आकडे नव्याने मांडले, बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, म्हणजे कमीत कमी, ठेवला आणि मगच गाडी बाहेर काढली.

मॅफ हवा मोजतो. मॅपवर गेल्यावर हवा कुणी मोजत नाही, ईसीयू तिचा हिशेब करतो: दाब, तापमान, सिलिंडरचं आकारमान आणि व्हीई, म्हणजे सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो तो आकडा. व्हीआरएसचं इंजिन १७८१ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ४४५ सीसी. २०० किलोपास्कल, ४० अंश, ९० टक्के व्हीई धरलं तर प्रत्येक भरणीला साधारण ०.९ ग्रॅम हवा येते. या हिशेबातला एक आकडा चुकीचा असला की वाइडबँड बघत बसलेला माणूस ती चूक व्हीई टेबलात जिरवतो. चूक जात नाही, दडते. म्हणून माझा आग्रह एकच: जो दोष जिथला आहे तो तिथेच काढा, व्हीई टेबलाची गोधडी करू नका.

पहिली चूक होते ती पाना हातात घेण्याआधी. मॅफमुळे गाडी अडखळते म्हणून मॅफ काढायचा, आणि खरं कारण असतं फाटलेली होज. मॅफवर चालणाऱ्या गाडीत टर्बोच्या पुढे गळती असली तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो. गाडी ओरडून सांगते. मॅपवर गेल्यावर ती गळती गप्प होते. मॅनिफोल्डमध्ये जेवढा दाब उरला त्याला पेट्रोल बरोबर मिळतं. तेवढा दाब धरायला टर्बो मात्र जास्त वेगाने फिरत राहतो, हवा जास्त तापते आणि टर्बोचं आयुष्य कमी होतं. व्हीआरएसच्या या १.८ टर्बो इंजिनात इंटेक मॅनिफोल्डखालचा क्रँककेस ब्रीदरच्या होजचा गुंता कालांतराने कडक होऊन तडकतो, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा डायफ्राम फाटतो. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. साबणाचं पाणी आणि अर्धा तास, एवढंच लागतं. टेस्टमध्ये पास झालेली गाडीच मॅपवर न्या.

मॅफ काढायला खरी कारणंही आहेत. टर्बो मोठा केला आणि मॅफ कमाल मर्यादेला टेकला, पुढची हवा त्याला दिसतच नाही. किंवा मोजलेली हवा बाहेर सोडून देणारा डंप व्हॉल्व्ह लावलेला आहे आणि दर गिअरला गाडी रिच होऊन अडखळते. यापैकी काही नसेल आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल, तर मॅफ राहू द्या असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्टर, एग्झॉस्ट, कॅम, काहीही बदललं तरी मॅफ आलेली हवा मोजतो. मॅपवर कॅम किंवा डाउनपाइप बदलला की व्हीई बदलतं आणि ट्यून पुन्हा करावं लागतं. हा खर्च आधी कुणी सांगत नाही.

ऑक्टाविया आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जुळवली जाऊ लागली, त्यामुळे या जुन्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक महाराष्ट्रात बरेच आहेत. तरी १.८ टर्बोत एक चूक हटकून होते. "गाडीला कंपनीचाच प्रेशर सेन्सर आहे की, तोच वापरू." तो सेन्सर आहे खरा, पण थ्रॉटलच्या आधी, इंटरकूलरच्या बाजूला. त्याचं काम बूस्ट बघणं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ३५ ते ४० किलोपास्कल असतात, तेव्हा हा सेन्सर वातावरणाचाच दाब सांगतो. हिशेबाला लागतो तो थ्रॉटलच्या पुढचा दाब. त्यासाठी वेगळा सेन्सर किंवा वेगळी लाइन हवीच.

ती लाइन कुठून घ्यायची यातही चुका होतात. एका रनरमधून, म्हणजे एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतून, घेतली तर त्या एकाच सिलिंडरचे धक्के सेन्सरला मिळतात आणि आयडलला आकडा नाचतो. प्लेनमच्या, म्हणजे सगळ्या नळ्यांच्या सामायिक पेटीच्या, मधून घ्या. डंप व्हॉल्व्ह, फ्युएल रेग्युलेटर, बूस्ट गेज यांच्याबरोबर टी मारून वाटणी करू नका. मॅपची लाइन स्वतंत्र, आखूड, आणि सेन्सर पोर्टपेक्षा वर, म्हणजे पेट्रोलची वाफ थंड होऊन लाइनमध्ये साचणार नाही.

आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आयडलला होज निसटली तर सेन्सरला वातावरणाचा दाब दिसतो, गाडी बेसुमार रिच होऊन बंद पडते, नुकसान काही नाही. पण बूस्टमध्ये निसटली तर मॅनिफोल्डमध्ये २०० आणि सेन्सरला ९५. पेट्रोल निम्म्याहून कमी. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटलला हे झालं तर पाय उचलायला वेळ मिळेलच असं नाही. ईसीयूमध्ये सोय असेल तर लीन झाल्याबरोबर इंजिन बंद करणारं संरक्षण चालू ठेवा.

सेन्सरची रेंज निवडताना गेजचा बार आणि अ‍ॅब्सोल्यूट बार यांत गल्लत करू नका. २.५ बारचा सेन्सर म्हणजे वातावरण धरून २.५, बूस्ट फक्त दीड बार. १.६ बार बूस्ट चालवायचा असेल तर तो आंधळा होतो. ३ किंवा ४ बारचा घ्या.

आता तापमान. सगळ्यात जास्त गाड्या मला इथे अडकलेल्या दिसतात.

बऱ्याच गाड्यांत हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅफच्याच आत असतो. मॅफ काढला की तोही गेला, आणि हे वायरिंग झाल्यावर लक्षात येतं. १.८ टर्बोत तो वेगळा आहे, मॅनिफोल्डवर. पण तो बसतो तापलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये. मे महिन्यात एक्स्प्रेसवेवरून येताना फूड मॉलला दहा मिनिटं थांबा आणि परत गाडी चालू करा. सेन्सर सांगतो ७० अंश, कारण धातू तेवढा तापलाय. आत येणारी हवा असते ४० अंश. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, तो पेट्रोल सुमारे ९ टक्के कमी देतो. गाडी मिनिटभर रडते, मग आपोआप सुधारते. पुष्कळ जण याला "वार्मअपचा प्रॉब्लेम" म्हणतात आणि कूलंटच्या टेबलात हात घालतात. लॉगमध्ये हवेचं तापमान आणि लॅम्डा (आदर्श मिश्रणाला १ धरून दाखवलेला आकडा) एकाखाली एक ठेवून बघा. तापमान उतरत जाईल तसं मिश्रण जाग्यावर येत असेल, तर दोष सेन्सरच्या जागेचा.

उपाय म्हणजे इंटरकूलरच्या नंतर, थ्रॉटलच्या आधीच्या पाइपवर उघड्या टोकाचा, पटकन प्रतिसाद देणारा सेन्सर बसवणं. शक्य असेल तर धातूऐवजी सिलिकॉन किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यात. काही जण तापमानाची दुरुस्तीच शून्य करून टाकतात. असं केलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे लीन आणि मेच्या दुपारी रिच चालते, आणि लीन होते ती नेमकी हवा दाट असताना.

सेन्सरचा वक्रही तपासा. २० अंशाला बॉशच्या सेन्सरचा रोध साधारण २.५ किलोओहम असतो, जीएमच्या सेन्सरचा ३.५. बॉशचा सेन्सर लावून जीएमचा वक्र निवडला तर तापमान सात-आठ अंश जास्त दिसतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी हवा आणि कूलंट दोन्हींचे आकडे खोलीतल्या तापमापकाशी जुळले पाहिजेत. फुकटातली तपासणी आहे.

फ्युएल रेग्युलेटरला मॅनिफोल्डची लाइन जोडलेली आहे ना, हेही बघा. इंजेक्टरला ३ बारचा फरक हवा असतो. लाइन तुटली असेल तर १ बार बूस्टला तो फरक २ बारच उरतो आणि पेट्रोल १८ टक्के कमी पडतं. इथेही ट्यून करणारा व्हीई वाढवून मोकळा होतो. मग कुणीतरी ती लाइन दुरुस्त करतो आणि गाडी अचानक रिच. व्हीई टेबलाचा उंचसखलपणा बघून हे ओळखता येतं. इंजिनचं व्हीई आरपीएमनुसार हळूहळू चढतं आणि उतरतं. एखाद्या दाबापासून पुढे सगळ्या आरपीएमला आकडे एकदम उडी मारत असतील, तर ते इंजिनाचं वागणं नाही, कुठलातरी दोष तिथे लपलाय.

आयडलला गाडी झुलत असेल तर व्हीई टेबलातल्या तिथल्या आजूबाजूच्या चौकटींमधले आकडे एकमेकांच्या जवळ आणा. मोठा कॅम असेल तर आयडलपुरतं थ्रॉटलच्या उघडझापीवर चालवा. मॅपचं फिल्टरिंग वाढवून झुलणं थांबवू नका. त्यामुळे थ्रॉटल दाबल्यावर दाब उशिरा दिसतो आणि पहिल्या क्षणाला गाडी लीन होते.

पेट्रोलही बदललंय. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, मिळतं आणि त्याचं आदर्श गुणोत्तर १४.७ नाही, १३.५ च्या आसपास आहे. जुन्या ट्यूनवरची गाडी तेवढ्यानेच लीन होते. लक्ष्य गुणोत्तरात न ठेवता लॅम्डात ठेवा, म्हणजे पेट्रोल कोणतंही असो, वाइडबँडचा आकडा तोच राहतो.

शेवटची तपासणी घाटात. बरेच स्टँडअलोन ईसीयू वातावरणाचा दाब एकदाच वाचतात, किल्ली ऑन केल्यावर. पुण्यातून न थांबता महाबळेश्वरला गेलात तर बाहेरचा दाब ९५ वरून ८६ च्या आसपास येतो आणि ईसीयू ९५ धरूनच चालतो. वर पोचल्यावर गाडी बंद करून पुन्हा चालू केली आणि आयडल बदललं, तर कारण सापडलं. बाहेरच्या दाबासाठी दुसरा सेन्सर लावा. आणि सपाटीवरही अधूनमधून गाडी एकदम वेगळीच वागत असेल, तर लॉगमध्ये हा वातावरणाचा आकडा शोधा. तो मधेच ४० किंवा १५० झालेला दिसला तर चालत्या इंजिनात ईसीयू क्षणभर बंद होऊन परत चालू झालाय आणि त्याने मॅनिफोल्डचा दाबच वातावरण समजून घेतलाय. मग ट्यूनला हात लावू नका. बॅटरीचं टर्मिनल, अर्थची वायर आणि मेन रिले उघडून बघा.