रॉकर आर्मची जुळणी: खुणेची जागा नंतर, रुंदी आधी

जास्त लिफ्टचा (म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम आणि कडक स्प्रिंगा बसवल्या, की रॉकर आर्मच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफेच्या, जुळणीतली छोटी चूकही व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) खायला लागते. रॉकरचं टोक चापात फिरतं, व्हॉल्व्ह मात्र सरळ खाली जातो. त्यामुळे रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर थोडं आडवं सरकणारच. ते सरकणं कमीत कमी ठेवायचं. पुढची पद्धत पुशरॉडच्या (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) इंजिनासाठी, स्टडवर (हेडमधल्या उभ्या बोल्टवर) बसणाऱ्या, टोकाला रोलर असलेल्या रॉकरसाठी आहे.

व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकरच्या पिनचं केंद्र आणि रोलरचं केंद्र जोडणारी रेषा दांडीशी काटकोनात हवी. या दोन केंद्रांत ३७ मिमी अंतर आणि १२.७ मिमी लिफ्ट धरून हिशेब केला, तर रोलर आडवा साधारण ०.५५ मिमी सरकतो. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना ठेवला तर २.२५ मिमी, म्हणजे चौपट! कडक स्प्रिंगचा सगळा भार घेऊन ही घासाघीस प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह उघडताना होते.

मोजणी शेवटी बसणाऱ्या भागांवरच करा. हेड घासलं, गॅस्केटची जाडी बदलली किंवा लांब दांडीचे व्हॉल्व्ह घातले, की जुन्या पुशरॉडच्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही. तपासणीपुरती हलकी स्प्रिंग लावा. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधला भाग) दबतो, म्हणून त्याजागी सॉलिड लिफ्टर घ्या. लांबी कमी-जास्त करता येणारा पुशरॉड आणि डायल गेजही हवा.

इनटेक तपासायचा असेल तर त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडायला लागेपर्यंत क्रँक हाताने फिरवा. एक्झॉस्टसाठी इनटेक बंद होत आलेला असू द्या. रॉकरचा नट फट संपेपर्यंतच आवळा. दांडीच्या टोकाला मार्करची शाई लावा, क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्या आणि रॉकर काढून खूण पाहा.

फसगत होते ती इथेच. खूण मध्यावर आली की पुशरॉड बरोबर, असं सर्रास धरलं जातं. पण खुणेची जागा स्टडच्या कलावर आणि रॉकरच्या लांबीवरही ठरते, त्यामुळे मध्यावरची खूणसुद्धा रुंद असू शकते, म्हणजे रोलर जास्त सरकत असू शकतो. म्हणून आधी बाजूने बघत क्रँक सावकाश फिरवा आणि रोलर कुठे जातो ते पाहा. अर्ध्या लिफ्टपर्यंत तो स्टडपासून दूर जावा आणि पुढच्या अर्ध्यात तेवढाच परत यावा. शेवटपर्यंत दूरच जात राहिला तर पुशरॉड आखूड आहे. सुरुवातीपासून स्टडकडेच येत राहिला तर लांब.

लांबी थोडी थोडी बदला, दर वेळी नट पुन्हा लावा, शाई नवी लावा. सर्वांत अरुंद खूण देणारी लांबी तुमची. ती खूण कडेला पडत असेल, तर पुशरॉड बदलून तिला मध्यावर ओढू नका. वेगळ्या लांबीचा रॉकर किंवा स्टडची जागा बदलणं हा त्यावरचा उपाय. वरून पाहताना रोलर एका बाजूला दिसला, तर पुशरॉडला जागेवर धरणारी गाइड प्लेट सरकवा.

शाफ्टवरच्या रॉकरमध्ये ही उंची स्टँडखालच्या शिमने जुळते. पुशरॉडची लांबी त्यानंतर ठरवायची.

आता खरी स्प्रिंग लावून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि गाइडवरचं सील यांच्यात किमान १.५ मिमी जागा हवी. स्प्रिंग पूर्ण मिटायलाही तेवढाच वाव उरावा. रॉकरची खाच आणि स्टड यांच्यातून १ मिमी जाडीची तार व्हॉल्व्ह बंद आणि पूर्ण उघडा अशा दोन्ही स्थितींत सहज गेली पाहिजे. रॉकरचं अंग रिटेनरला कुठेच टेकू नये, पुशरॉड हेडला घासू नये.

पुशरॉड मागवताना, हायड्रॉलिक लिफ्टर असेल तर त्याच्या उत्पादकाने सांगितलेला प्रीलोड (लिफ्टर आधीच जेवढा दाबून ठेवायचा ते माप) मापात मिळवा. लांबी कशी मोजली तेही कळवा: टोकाच्या तेलाच्या छिद्रामुळे टोकापासून टोकापर्यंतचं माप आणि पूर्ण गोल धरून केलेलं माप यांत फरक पडतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही, प्रत्येक हेडवर स्वतंत्रपणे मोजा. नवे पुशरॉड हाती आले की त्यांच्यावर शाईची तपासणी पुन्हा करा, आणि मगच व्हॉल्व्ह कव्हर बसवा.