नीलिंगमध्ये गुडघा दुखत असेल तर आधी रोल बघा

५० मीटर थ्री पोझिशनवाली (उभं राहून, झोपून नि गुडघ्यावर बसून रायफल मारायची स्पर्धा) आपल्याकडची बरीच पोरं, लातूर काय नि संभाजीनगर काय, नीलिंगला, म्हणजे एक गुडघा टेकून मारायला, बसली की गुडघा दुखायलाय म्हणतात आणि सरळ नीकॅप घालून मोकळी होतात. अरे पण वजन कुठं पडायलंय ते तर बघा! उजव्या हाताने मारणाऱ्याचा भार उजव्या टाचेवर आणि तिच्यातून घोट्याखालच्या रोलवर (भरण घातलेल्या गोल पिशवीवर) जायला पाहिजे, मॅटवरच्या गुडघ्यावर नुसता टेकू. रोल लई उंच भरला की अंग पुढं ढकललं जातं आणि सगळा लोड गुडघ्याच्या वाटीवर येतो, म्हणून थोडं भरण काढून बघा (नियमात रोल २५ सेंमी लांब, १८ सेंमी व्यासाचा, याच्यापुढं नाही). ज्वारी भरली तरी चालते, फक्त पोरकिडे होतात मग पिशवी फेकावी लागते.

शूटिंग ट्राउजरची पायाची चेन उघडून बसा, नाहीतर गुडघ्यामागं कापड दाबतं. घरी रायफल न घेता रोज थोडं थोडं बसून वेळ वाढवा, मांडीच्या पुढच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग करा. उठताना झटका नको. सूज आली किंवा गुडघा अडकायला लागला तर मात्र प्रॅक्टिस बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे, गोळी खाऊन मॅच मारू नका.