फ्लास्कमध्ये विनंती कशी वाचावी, उत्तर कसे द्यावे

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीचे भाव मोबाइलवर दाखवणारी छोटी सेवा पायथॉन भाषेतील फ्लास्क या वेब फ्रेमवर्कमध्ये (वेब सेवा लिहिण्याच्या तयार सांगाड्यात) लिहायची आहे, असे धरू. मोबाइलकडून आलेल्या विनंतीच्या वेब पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर आलेला तालुका 'रिक्वेस्ट.आर्ग्स.गेट' ने वाचावा. चौकोनी कंसाने वाचला आणि तो आलेलाच नसेल, तर फ्लास्क थेट ४०० (विनंती चुकीची) हा कोड पाठवतो, 'गेट' मात्र 'नन' (काहीच नाही) देऊन पुढचा निर्णय आपल्यावर सोपवते.

नवा भाव नोंदवण्यासाठी पोस्ट (सर्व्हरकडे माहिती पाठवण्याची) पद्धत ठेवावी आणि जेसन या मजकूर स्वरूपात आलेली माहिती 'रिक्वेस्ट.गेट_जेसन' ने घ्यावी. कंटेंट-टाइप (माहितीचा प्रकार सांगणारी नोंद) जेसनचा नसेल तर फ्लास्कच्या अलीकडच्या आवृत्त्या ४१५ (हा प्रकार चालत नाही), आणि मजकूर मोडका असेल तर ४०० देतात. भाव क्विंटलचा आहे की किलोचा, आकडा ऋण तर नाही ना, ही तपासणी मात्र फ्लास्क करणार नाही. ती आपणच लिहावी, कारण त्या आकड्यावर शेतकऱ्याचा व्यवहार ठरतो.

उत्तर म्हणून डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या) परत केली की तिचे जेसन आपोआप होते. स्वल्पविराम देऊन पुढे कोड लिहावा: नोंद झाली तर २०१, तालुका सापडला नाही तर ४०४. चूक झालेली असताना २०० (सर्व ठीक) पाठवणे मला अजिबात मान्य नाही, कारण मोबाइलवरील प्रोग्राम आधी कोडच पाहतो.

मराठीसाठी एक गोष्ट आवर्जून करावी. 'ॲप.जेसन.एन्शुअर_ॲस्की' चे मूल्य 'फॉल्स' ठेवावे (ही सोय फ्लास्कच्या आवृत्ती २.२ पासून आहे). एरवी 'रावेर' मधील प्रत्येक अक्षरचिन्ह ३ ऐवजी ६ बाइटांच्या सांकेतिक रूपात जाते, आणि कच्चे उत्तर डोळ्यांनी तपासता येत नाही.