कॅसिनो बोनस खेळताना डाव केवढा लावावा

मी ब्रिटनमध्ये राहतो आणि तिथल्या परवाना असलेल्या साइट्सवरच खेळतो, त्यामुळे हा हिशेब तिथला आहे. भारतात 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. तिथून कुणी हा उद्योग करू नये.

आधी बोनसच्या अटी शेवटपर्यंत वाचा. कमाल डावाची अट हमखास असते. ती एकदा जरी मोडली तरी जिंकलेले पैसे अडकू शकतात.

मग साधी वजाबाकी करा. 19 जानेवारी 2026पासून ब्रिटनमध्ये बोनसच्या 10 पटींहून जास्त वेजरिंग, म्हणजे पैसे काढण्याआधी एकूण किती रकमेचे डाव खेळायचे ती अट, मागता येत नाही. 50 पौंड भरून वर 50 बोनस घेतला, तर फार तर 500 पौंडांचे डाव खेळायचे. स्लॉटचा, म्हणजे बटण दाबून चाकं फिरवायच्या खेळाचा, आरटीपी (लावलेल्या पैशांतला सरासरी परत येणारा वाटा) 96 टक्के असेल, तर त्यात सरासरी 20 पौंड जातात आणि बोनसमधले 30 उरतात. इथे सहसा कुणी चुकत नाही.

लोक चुकतात ते डावाच्या आकारात. ‘छोटे डाव लावा, कमी हराल’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता ऐकवत नाही. 500 पौंड पूर्ण फिरवले, तर डाव 20 पेन्सचा असो की 5 पौंडांचा, सरासरी तोटा 20 पौंडच. डावाने बदलतो तो व्हेरिअन्स, म्हणजे त्या सरासरीच्या वर-खाली तुम्ही किती फेकले जाता ते.

आणि हा चढउतार डावाच्या वर्गमुळाने वाढतो. मध्यम चढउताराच्या स्लॉटमध्ये एका स्पिनचं, म्हणजे एका फेरीचं, प्रमाणित विचलन (सरासरीपासून सहसा किती दूर जातो त्याचं माप) डावाच्या साधारण 5 पट धरा. 20 पेन्सने 2500 स्पिन होतात आणि एकूण विचलन येतं 50 पौंड. 1 पौंडाने 500 स्पिन, विचलन 112. 5 पौंडांनी फक्त 100 स्पिन, विचलन 250. तुमच्याकडे आहेत 100 पौंड. ढोबळ हिशेबाने वेजरिंग संपण्याआधी खातं रिकामं होण्याची वेळ 20 पेन्सच्या डावावर दहात एकदा येते, 1 पौंडावर चारदा आणि 5 पौंडांवर सातदा.

मोठ्या डावाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो नाकारू नका. पैसे मध्येच संपले की उरलेलं वेजरिंग खेळावं लागत नाही, म्हणून सरासरी तोटा थोडा कमीच भरतो. पण ती सरासरी हाती लागायला असे पुष्कळ बोनस खेळावे लागतात, आणि लागोपाठ चार-पाच वेळा भरलेले पैसे गेले तरी घरखर्चाला हात लागणार नाही एवढी शिल्लक बाजूला हवी. ती नसेल, तर माझं मत पक्कं आहे: 20 पेन्स, फार तर 40.

आता मी जिथे अडखळलो ते सांगतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2021पासून स्लॉटवर ऑटोप्ले (आपोआप फिरत राहणं) बंद आहे आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद जावे लागतात. म्हणजे 2500 स्पिनना पावणेदोन तास, प्रत्येक वेळी बटण स्वतः दाबून. एका रात्री साडेबाराला माझं 120 पौंडांचं वेजरिंग उरलं होतं, खात्यात 94 पौंड होते, डोळे मिटत होते. लवकर आटपावं म्हणून डाव 20 पेन्सवरून 2 पौंडांवर नेला. 60 स्पिननंतर खात्यात 11 पौंड उरले. बरेच दिवस मी त्याला फुटकं नशीब म्हणत होतो. मग एकदा कागदावर मांडलं. 2 पौंडांच्या 60 स्पिनचं विचलन 77 पौंड येतं, म्हणजे 83 पौंड जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. तेच 120 पौंड 20 पेन्सने फिरवले असते, तर विचलन 24च्या आसपास राहिलं असतं. दोन तास धरलेली सावधगिरी मी अडीच मिनिटांत उधळली.

म्हणून डाव सुरुवातीला ठरवा, कागदावर लिहा आणि मध्ये वाढवू नका. कंटाळा आला की बंद करा. मुदत शिल्लक असेल तर उरलेलं वेजरिंग उद्या खेळा. हरलेलं भरून काढायला डाव वाढवावासा वाटला तर त्या दिवशी खेळूच नका, आणि तसं वारंवार वाटत असेल तर गॅमस्टॉप या ब्रिटनमधल्या स्वतःला रोखायच्या योजनेत नाव नोंदवून तिथल्या परवाना असलेल्या सगळ्याच साइट्स स्वतःला बंद करून घ्या.

खेळ निवडताना आरटीपीइतकंच व्होलॅटिलिटीकडे, म्हणजे त्या खेळातल्या चढउताराकडे बघा. रूलेटवर हे स्वच्छ दिसतं. एकच शून्य असलेल्या चाकावर लाल रंगावर लावा की 17 आकड्यावर, कॅसिनोचा सरासरी वाटा 2.7 टक्केच. पण रंगावर एका डावाचं विचलन डावाएवढं असतं, आकड्यावर जवळजवळ सहापट. व्होलॅटिलिटी ‘हाय’ लिहिलेल्या स्लॉटवर 20 पेन्सचा डावसुद्धा छोटा राहत नाही.

वेजरिंग संपलं की त्याच मिनिटाला पैसे काढा.