पुण्यातून भूतानची टूर ऑफ द ड्रॅगन: रेस पण करा, देश पण बघा

टूर ऑफ द ड्रॅगन ही भूतानमधली सायकल रेस करायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो, फक्त रेससाठी भूतानला जाऊ नका. पारोला उतरायचं, गाडीत झोपा काढत बुमथांग गाठायचं, लगेच रेस मारायची, थिंफूला मेडल गळ्यात घालायचं आणि परत, असं करता येतं पण ते शरीरालाही बरं नाही आणि त्या देशाशीही बरं नाही. उंचीची सवय व्हायला जे तीन-चार दिवस लागतातच तेच दिवस तिथली माणसं, मठ, जेवण बघायला वापरायचे, म्हणजे दोन्ही कामं एकदमच होतात. फक्त प्लॅन तसा लागतो.

आधी रेस काय आहे ते बघू. २०१० पासून भूतान ऑलिंपिक कमिटी ही भरवते. बुमथांग खोऱ्यातल्या जकारपासून थिंफूच्या क्लॉक टॉवरपर्यंत २६८ किलोमीटर, एका दिवसात, ३,७९० मीटर चढ आणि ३,९५० मीटर उतार, वाटेत चार खिंडी आणि सुरुवात रात्री दोन वाजता. पुण्याच्या हिशोबात सांगायचं तर गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगड एकदा चढलं की सहाशेएक मीटर होतात, म्हणजे सहाच्या वर सिंहगड, ते पण लांबलचक रस्त्यावर पसरलेले आणि निम्म्याहून जास्त पुण्यापेक्षा कितीतरी वरच्या विरळ हवेत. एवढं झेपणार नसेल तर कमिटीचीच ड्रॅगन्स फ्युरी म्हणून साठ किलोमीटरची रेस असते, ती बघा, त्यात कमीपणा काहीच नाही.

तारीख परंपरेने सप्टेंबरचा पहिला शनिवार, पण त्या वर्षीची तारीख आणि एंट्री ऑलिंपिक कमिटीकडून कन्फर्म केल्याशिवाय तिकिटं काढू नका. आणि आपल्याकडे अजून एक मोठा प्रश्न असतो, गणपती. २०२५ मध्ये सप्टेंबरचा पहिला शनिवार म्हणजे बरोब्बर अनंत चतुर्दशी होती, ढोल पथकातल्या पोरांनी काय करायचं सांगा. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला बसतात, त्यामुळे जमण्यासारखं आहे, पण घरी आधी बोलून घ्या. घरचा गणपती असेल आणि तुम्ही रेसनंतर राहायचं म्हणत असाल तर हे बोलणं जानेवारीतच झालेलं बरं.

ट्रेनिंगसाठी पुण्यासारखं गाव नाही हे मी मनापासून सांगतो. रेस सप्टेंबरात म्हणजे मेन ट्रेनिंग जून ते ऑगस्ट, भर पावसात, आणि तेच पाहिजे, कारण भूतानमध्ये पण तेव्हा पाऊस संपत आलेला असतो आणि धुकं, चिखल, ओले उतार सगळं मिळतं. आठवड्यातून एकदा सिंहगड रिपीट, सुरुवात दोनपासून आणि हळूहळू चारपर्यंत, पण रविवारी उजाडायच्या आत खाली या, नाहीतर पिठलं-भाकरीवाल्यांच्या गाड्यांच्या रांगेत अडकाल. दुसरा दिवस बोपदेव घाट चढून सासवड आणि दिवे घाटाने परत, फक्त माउलींची पालखी दिवे घाटातून जाते तेव्हा रस्ता बंद असतो, त्या दिवशी सायकल घरी ठेवा आणि चालत जा. लांब राईडला पाबे घाट, वेल्हे किंवा ताम्हिणी. हँडलिंगसाठी वेताळ टेकडी आहेच. महिन्यातून एकदा तरी रात्री दोनला निघून राईड करा, कारण रेसला पहिले तीन-साडेतीन तास पूर्ण अंधारात जाणार आहेत आणि त्या वेळेला पोट काय घेतं आणि काय नाही हे फक्त तसं करूनच कळतं. मला विचाराल तर पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा राजगिऱ्याचा लाडू, खजूर आणि मीठ-साखर-लिंबू जास्त टिकतं, पण हे ज्याचं त्याने बघायचं.

सायकल हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, पुरे. बहुतेक रस्ता हायवेचा आहे, मध्ये मध्ये उखडलेले आणि चिखलाचे पॅच, त्यामुळे फुल सस्पेन्शनचं वजन खिंडींवर उगाच वाहायचं. ट्यूबलेस टायर, मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकाचे गिअर), आणि मेटॅलिक ब्रेक पॅड, कारण ओल्या उतारावर रेझिनचे पॅड बघता बघता झिजतात. एक जोडी स्पेअर ठेवा. पॅक करताना रिअर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला धरणाऱ्या छोट्या पट्टीवरून, सोडवून कापडात गुंडाळून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) बांधा, रोटर (ब्रेकच्या चकत्या) काढून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, चाकं काढली की ब्रेक पॅडच्या मध्ये स्पेसर घाला म्हणजे चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येणार नाहीत. स्पेअर हँगर हा पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा छोटा पार्ट आहे, तुमच्या मॉडेलचा हँगर बुमथांगला मिळेल या भरवशावर जाऊ नका. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटू कार्ट्रिज विमानात अडकतात, मिनी पंप न्या.

जायचं कसं? विमानाने कोलकाता किंवा दिल्लीवरून पारो, किंवा बागडोगऱ्यापर्यंत विमान आणि पुढे गाडीने जयगाव, तिथून गेट ओलांडलं की फुंटशोलिंग. रेल्वेने जायचं तर पुण्याहून आझाद हिंदने हावडा, तिथून सियालदहला जाऊन कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमारा, जयगावच्या अगदी जवळ. वेळ जातो पण सायकल ब्रेकव्हॅनला टाकता येते आणि खर्च वाचतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परमिट लागतं, त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड घेऊन बॉर्डरवर उभं राहू नका. माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, म्हणजे बारा रात्रींचे १४,४०० झाले, हॉटेल आणि एंट्री वेगळी. महाग वाटतं हे मान्य, पण म्हणूनच तिथले रस्ते आणि मठ अजून गर्दीत बुडालेले नाहीत. गाईड घ्याच, फक्त तो मूळचा बुमथांगचा किंवा त्रोंगसाचा मिळतो का ते टूर ऑपरेटरला विचारा, सगळा फरक तिथेच पडतो.

आता मुख्य गोष्ट. थिंफू ते बुमथांग एका दिवसात गाडीने नेतात, ते करू नका, तीन दिवस घ्या. तुम्ही रेसचा रूट उलट्या बाजूने बघत चाललेले असता, म्हणजे रेकी फुकटात होते. पहिला टप्पा थिंफूहून दोचुला खिंड, तिथे २००४ मध्ये बांधलेले १०८ चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, आहेत. गाडीतून उतरून त्यांना डावीकडून फेरी मारा, आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेसारखीच, आणि मग पूर्वेकडे खाली उतरणारा रस्ता नीट बघून ठेवा, कारण रेसचा शेवटचा जवळजवळ चाळीस किलोमीटरचा चढ तोच आहे. खाली लोबेसाच्या आसपास घरांच्या भिंतींवर लिंगाची मोठी चित्रं दिसतात. ती नजर लागू नये म्हणून, द्रुक्पा कुनले या संताच्या परंपरेतली. त्यांच्यासमोर खिदळत सेल्फी काढू नका, लोकांच्या घराची भिंत आहे ती. मुक्काम पुनाखाला. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावरचा झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र, संध्याकाळच्या उन्हात बघा, तासभर नुसते बसा.

दुसऱ्या दिवशी पेले ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून त्रोंगसा. इथे रस्ता दरीला वळसा घालतो आणि समोरच्या कड्यावर त्रोंगसा झोंग बराच आधी दिसायला लागतो, दिसत राहतो, आणि तरी पोचायला वेळ लागतो. रेसमध्ये तोच झोंग मागे राहतो. भूतानचा युवराज राजा व्हायच्या आधी त्रोंगसाचा पेनलोप, म्हणजे सुभेदार, होतो, म्हणून या झोंगला वेगळाच मान आहे. तिसऱ्या दिवशी योतोंग ला, मग चुमे खोरं जिथे बायका याथ्रा हे लोकरीचं कापड विणतात (मागावर बसलेल्या बाईला आधी विचारा, मग फोटो), मग छोटी किकी ला आणि जकार.

जकार अडीच हजार मीटरच्या वर आहे. इथे रेसच्या आधी किमान तीन रात्री काढा, आणि हॉटेलपेक्षा फार्महाऊस होमस्टेमध्ये. पहिले दोन दिवस डोकं जड झालं तर घाबरू नका, पाणी प्या, हळू चाला, आणि घरमालकाने प्रेमाने आरा (घरची दारू) पुढे केली तरी रेस होईपर्यंत हात जोडून नाही म्हणा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं की नाही ते पुण्यातच डॉक्टरना विचारून या. डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या झाल्या, तर रेस विसरून खाली उतरायचं, यात चर्चा नाही. बरं वाटत असेल तर सकाळी तासभर हलकी राईड जांबे ल्हाखांग आणि कुर्जे ल्हाखांग या देवळांपर्यंत. लायक्रावर आत जायचं नाही हं, बॅगेत पातळ फुल पँट आणि फुल शर्ट कायम ठेवा, टोपी आणि हेल्मेट बाहेर, आत फोटो नाही. वाटेत तिरंदाजी चालू असली तर थांबून बघा, दोन निशाणांमध्ये जवळजवळ १४५ मीटर अंतर असतं आणि बाण लागला की सगळी टीम गाणं म्हणत नाचते. पण मैदान मधून ओलांडायचं नाही. "कुझुझांगपो ला" आणि "कादिन्चे ला", नमस्कार आणि आभार, एवढं बोललात तरी चेहरे बदलतात.

जेवणात एमा दात्शी म्हणजे मिरचीचीच भाजी, चीजमध्ये. ठेचा खाणाऱ्यांनाही लागते, आणि रेसच्या आदल्या दोन दिवसांत नकोच. केवा दात्शी म्हणजे बटाट्याची, लाल भात, आणि बुमथांगचे गव्हासारख्या दिसणाऱ्या पण गव्हाच्या नसलेल्या कुट्टूच्या शेवया, ज्याला पुता म्हणतात, हे सगळं मस्त चालतं आणि कार्ब पण मिळतात.

रेसच्या आदल्या रात्री आठला झोपा, घड्याळ भूतानच्या वेळेवर लावलंय ना बघा, आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते. किकी ला आणि योतोंग ला अंधारात जातात, लाईट चार तास टिकणारा हवा. साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि साधारण तेव्हाच योतोंगचा थंडगार उतार असतो, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज चढ संपायच्या आधीच घाला, बोटं बधिर झाली की ब्रेक लागत नाही. गुरं रस्त्यात बसलेली असतात, वळणावर वेग कमी. पेले लाला शर्यत लावू नका, वांगदीपर्यंतच्या लांब उतारावर खाऊन घ्या, कारण खाली तेराशे मीटरच्या आसपास चांगलंच उकडतं आणि मग दोचुला. तिथे पोरं रस्त्याच्या कडेला हात पुढे करून उभी असतात, टाळी द्या, दोन सेकंदांनी काही बिघडत नाही.

नंतर लगेच पळू नका. दोन दिवस थांबून दोत्शो, म्हणजे गरम दगडांची अंघोळ, घ्या, नदीतले दगड विस्तवात लाल करून लाकडी टबातल्या पाण्यात सोडतात, दगड चरचरतात, पाण्यात औषधी पाला असतो आणि मांड्या खरंच सुटतात. रजा शिल्लक असेल तर थिंफूचा त्शेचू हा उत्सव सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, तीन दिवस मुखवट्यांचा नाच, त्या वर्षीची तारीख आधीच बघून तिकीट परतीचं काढा. सायकल पॅक करण्याआधी टायरचा चिखल धुऊन घ्या, आणि उरलेले ङुल्त्रुम तिथेच खर्च करा, दर रुपयाएवढाच असला तरी पुण्यात ते कोणी घेत नाही.